मोलकरणीचे शंभर गिल्डर

नेस नावाच्या एका चिंचोळ्या गल्लीत पंधरा-वीस माणसं एका मोलकरणीला हसली. हसू कुचकं नव्हतं. लहान पोर आजोबांच्या चपला पायात अडकवून ओसरीवर मिरवायला लागलं की घरातली माणसं हसतात ना, तसलं. त्या घोळक्यात मीही उभी होते, गळ्यात जावयाचा मफलर, पायात लेकीचे बूट, आणि नाक गार पडून लाल झालेलं. मला हसू आलं नाही. तेव्हा वाटलं, इंग्रजी नीट कळलं नसेल. पण कळलं होतं. आता परत येऊनही बरेच दिवस झाले, वेंगुर्ल्यात पाऊस लागला, आमच्या मागल्या दाराच्या पायऱ्यांनी शेवाळ धरलं, तरी ते हसू मधूनच कानात वाजतं आणि चुलीवरच्या दुधाकडं लक्ष राहत नाही.

गल्ली तशी काही बघण्यासारखी नव्हती. छोटी नाट्यगृहं, कॅफे, भिंतींना टेकवलेल्या सायकली, कुठूनतरी तळलेल्या बटाट्याचा वास आणि त्याच्या मागोमाग तो दुसरा, गांजाचा, ज्याची अ‍ॅम्स्टरडॅममध्ये कुणाला लाज म्हणून नाही. गाइड उंच, पोरगेलासा, कानात बाळी. तो म्हणाला, या गल्लीत डर्क फान ओस नावाच्या व्यापाऱ्याचं घर होतं आणि १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीत पैसे गुंतवायला माणसं त्या घरी यायची. बँक नाही, कचेरी नाही. व्यापाऱ्याच्या घरात एक वही, तिच्यात नाव लिहायचं आणि पुढं आकडा. कंपनीच्या सनदेतच म्हटलं होतं की या देशात राहणाऱ्या कुणीही पैसे घालावेत, थोडे घाला की फार घाला. ऑगस्ट संपला तेव्हा वही बंद झाली. एकट्या अ‍ॅम्स्टरडॅमच्या वहीत ११४३ नावं होती आणि बेरीज ३६ लाख ७४ हजार गिल्डरांच्या वर. आणि त्या वहीच्या अगदी शेवटच्या नोंदींत, गाइडनं इथं जरा थांबून सगळ्यांकडं पाहिलं, त्याच घरात राबणाऱ्या मोलकरणीचं नाव आहे, नेल्टखेन कॉर्नेलिस. शंभर गिल्डर. दिवसाला धड अर्धा गिल्डर मजुरी नसलेली बाई. इथं सगळे हसले.

मी तोवर हिशेब घालून मोकळी झाले होते. दोनशे दिवसांच्या वर मजुरी. खाणंपिणं मालकाच्या घरी धरलं तरी कपडालत्ता आहे, म्हातारे आईबाप असतील, आजारपण आहे. म्हणजे ही रक्कम साठायला वर्षं गेली असणार, किंवा बाईनं नाव आधी घातलं आणि पैसे पुढं भरले. तसंच होतं म्हणे. पैसे एकदम घेत नव्हते, काही वर्षांत हप्त्यांनी भरायचे होते. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. हप्ता म्हटल्यावर मला कुणी काही समजावून सांगावं लागत नाही.

मी वेंगुर्ल्याच्या बाजारात पिग्मी गोळा करायचे.

निम्मं आयुष्य त्यात गेलं. सकाळी पतपेढीत जाऊन पुस्तकं उचलायची, खांद्याला रेक्झिनची पिशवी, छत्री बारा महिने, आणि मग ठरलेला रस्ता. आमच्याकडंही क्रॉफर्ड मार्केट आहे, मुंबईकर पाहुण्यांना सांगितलं की त्यांना थट्टा वाटते. तिथले भाजीवाले, मग मासळी बाजार, रिक्षावाले, दोन न्हावी, चहाच्या टपऱ्या, आणि शेवटी काजूच्या कारखान्यात सुटीच्या वेळी बी फोडणाऱ्या बायका. वीस रुपये, पन्नास रुपये, आधीच्या काळात दोन आणि पाचसुद्धा. ही पद्धत आपल्या याच किनाऱ्यावर खाली उडुपीला निघाली, १९२८ साली, दिवसाला दोन आण्यांपासून. ज्याच्या हातात पैसा रोज येतो आणि रोजच जातो, त्याच्याकडून तो जायच्या आधी घ्यायचा, एवढंच त्यातलं शास्त्र. पण ते 'घ्यायचं' म्हणजे काय, हे दुपारी दीड वाजता घामानं पाठ भिजलेली असताना कळतं. मासळीवाल्या बायकांच्या नोटा ओल्या असायच्या, खारट, एखादं चंदेरी खवलं चिकटलेलं. घरी आल्यावर मी त्या वर्तमानपत्राच्या घडीत घालून वर पाटा ठेवायचे. काजूवाल्या बायकांच्या नोटांवर काळपट बोटं उमटलेली असायची. टरफलातलं तेल राख लावून, पाणी लावून काही केल्या जात नाही, सालं निघतात बोटांची. पिशवी उघडली की कुठली नोट कुणाची ते मी डोळे मिटून सांगितलं असतं. आणि तोंडाला रोज एकच वाक्य: “आज नाय गो बाय, धंदोच नाय. फाल्यां दोन दिसांचे घे.” उद्या दोन दिवसांचे मिळायचे नाहीत. परवा तीन दिवसांचे मिळायचे. मिळायचे मात्र.

तर नेल्टखेनबद्दल मला जे प्रश्न पडले ते त्या पंधरा-वीस जणांना पडणार नव्हते. पहिला म्हणजे, नाव घालायला तिला कुणी सांगितलं? माझ्याकडं डॉक्टरांच्या, वकिलांच्या घरी काम करणाऱ्या बायकांची बरीच खाती होती आणि त्यातली निम्मी वहिनींच्या सांगण्यावरून उघडलेली. वहिनींचा हेतू चांगलाच असायचा, पण क्वचित असंही असायचं की त्यांचे यजमान आमचे संचालक आणि त्यांना खात्यांचा आकडा वाढवून दाखवायचा आहे. फान ओस हा स्वतः कंपनीच्या संचालकांपैकी. त्यानं म्हटलं असेल, “घाल गं तूही.” किंवा उलटंही झालं असेल. सगळा ऑगस्ट दार उघडून उघडून तिचे हात दुखले असतील, शहरातले एकेक मातब्बर आत येताना आणि वहीवर वाकताना तिनं पाहिले असतील, आणि शेवटच्या दिवशी मेणबत्त्या विझवायच्या आधी तीच कारकुनाला म्हणाली असेल, “माझंही लिही.” मला दुसरं खरं असावंसं वाटतं. पण धंद्यानं शिकवलेलं पहिलंच जास्त संभवतं.

बाकीचं फिरणं सांगते, नाहीतर लेक म्हणेल एवढे युरो भरून आईनं एक गल्ली पाहिली.

सुरुवात स्टेशनाजवळून झाली. दामराक नावाच्या रुंद रस्त्यावर लाल विटांची एक अवाढव्य इमारत आहे, बेर्लाख या वास्तुरचनाकारानं बांधलेलं शेअर बाजाराचं घर, १९०३ सालचं. आता तिथं शेअर बाजार नाही, समारंभ आणि मैफली होतात. बाजार पुढं शेजारच्या इमारतीत गेला, आणि आजच्या मोठ्या बँका शहराच्या दक्षिणेला काचेच्या मनोऱ्यांत आहेत. लेकीच्या आम्स्टेलफेनहून येताना ते मनोरे लांबून दिसतात. म्हणजे मी ज्या पैशाच्या पेठेतून फिरत होते तिथं पैसा आता राहत नाही, नुसते पर्यटक येतात. शेजारच्या चौकात काशाचा एक बैल आहे, शिंगं खाली घालून धावणारा. बायामाणसं त्याच्या शिंगांना हात लावून फोटो काढत होती. हा बैल २०१२ सालचा. आपल्या दलाल स्ट्रीटवरचा २००८ चा, म्हणजे मानानं थोरला आपला. मी हे जावयाला सांगितलं तर तो म्हणाला, “आई, हे गाइडला नका सांगू.”

पुढं दाम चौक. तिथला राजवाडा आधी नगरपालिकेचं घर होता. जमीन दलदलीची, म्हणून लाकडाचे १३,६५९ खांब जमिनीत ठोकून त्यांवर तो उभा केलाय. आकडा गाइडनं पाठ म्हणून दाखवला, तिथं शाळेतल्या मुलांना येतो म्हणे. आमच्या वेंगुर्ल्यात पायासाठी कुदळ मारली की टण्णकन जांभ्याला लागते, त्यामुळं मला त्या चिखलात उभ्या असलेल्या संगमरवराचं खरंच कौतुक वाटलं. त्या इमारतीच्या तळमजल्यात शहराची बँक होती, १६०९ मध्ये काढलेली. तऱ्हेतऱ्हेची नाणी घेऊन व्यापारी येत, खरी किती, झिजलेली किती ते तोलून वहीत जमा करत, आणि मग देणं-घेणं नाण्यांनी न होता एका नावावरून दुसऱ्या नावावर होई. भोवतीच्या तरुण मुलांना हे फार मोठं नवल वाटत होतं. पतपेढीत बसलेल्या बाईला काय वाटायचं? खात्यातून खात्यात वर्ग. संध्याकाळी रोजकीर्द जुळली की घरी जायचं.

रोकिनवर मात्र मी रेंगाळले. तिथं आज ट्राम जाते, पण तिथंच पाण्यावर कमानी घालून जुना शेअर बाजार बांधला होता, हेन्ड्रिक द केयझर यानं, १६११ मध्ये. मधोमध उघडं अंगण, भोवती खांब, आणि खालून होड्या जात. १८३० च्या दशकात तो पाडला, आता खूणही नाही. तो व्हायच्या आधी व्यापारी नव्या पुलावर उघड्यावर उभे राहून सौदे करायचे आणि पाऊस आला की चर्चमध्ये शिरायचे. देवळात शिरून भाव करणाऱ्या त्या माणसांशी माझं एकदम जमलं. आमच्या बंदरावरचा लिलाव तसाच असतो. होडी लागते, वाळूवर टोपल्या उलटतात, एक गडी बांगड्याच्या ढिगाशी उभा राहून आकडा पुकारायला लागतो, आणि ज्या बायका एरवी खुणेनंही एकमेकींशी बोलत नाहीत त्या अर्ध्या मिनिटात पाटी कुणाची ते ठरवून टाकतात. सर आली तर ढीग तिथंच राहतो आणि माणसं झावळ्यांच्या छपराखाली उभी राहून भाव पुढं चालवतात. लिहून काही नसतं. तिथंही बरंचसं तोंडीच चालायचं, आणि ले मेर नावाच्या एका बड्या भागधारकानं १६०९ मध्ये आपल्याकडं नसलेलेच शेअर पुढच्या तारखेला देण्याच्या बोलीवर विकले, भाव पाडले, आणि पुढच्याच वर्षी सरकारला असल्या विक्रीवर बंदी घालावी लागली. आठ वर्षंसुद्धा झाली नव्हती बाजाराला! होडी समुद्रात असताना मासळी विकणारे आमच्याकडंही आहेत, पण ते निदान होडीचं नाव सांगतात.

शेवट झाला कंपनीच्या घरात. जुन्या होखस्ट्राट रस्त्यावर एक कमान, आत चौकोनी अंगण, लाल विटा, पांढऱ्या दगडाच्या पट्ट्या. आता तिथं विद्यापीठ भरतं. मुलं-मुली सायकलींना कुलपं लावत होती, एक मुलगी पायरीवर बसून पाव खात होती. इथं सतरा संचालक बसत आणि मलाक्का, सिलोन, मलबार, सुरत इथल्या लोकांचं काय करायचं ते ठरवत. मी गाइडला विचारलं, “वेंगुर्ला?” त्यानं मान तिरकी केली. सुरत त्याला ठाऊक होतं, कोचीन ठाऊक होतं. मी म्हटलं, गोव्याच्या वर. तो अदबीनं म्हणाला की आपण नक्की वाचू. त्याचा काय दोष? शाळेच्या सहलीला आलेल्या आमच्याच पोरांना डच वखार कुठली म्हणून विचारलं तर निम्मी बंदराकडं बोट दाखवतील.

वखार आमच्या गावातच आहे आणि मी तिच्यावरून आयुष्यभर ये-जा केली. १६३७ मध्ये विजापूरकरांच्या परवानगीनं डचांनी इथं बस्तान बसवलं. पोर्तुगीजांचा गोवा समुद्रातून आवळायचा तर जहाजांना पाणी, तांदूळ, मांस जवळच कुठंतरी मिळायला हवं, ते आम्ही पुरवत होतो. टॅव्हर्निये नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्यानंही इथल्या बंदराची तारीफ लिहून ठेवली आहे. याच वखारीतून बाताव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, गेलेल्या पत्रांत शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची बातमी आहे. हेगच्या दफ्तरखान्यात कंपनीचे कागद रांगेनं लावले तर सव्वा किलोमीटर भरतील एवढे आहेत, त्यात ती पत्रं. म्हणजे आमच्या गावचा कागद तिथं कोरड्या खोलीत जपून ठेवलाय आणि आमच्या गावची भिंत इथं पावसात. मला याचा राग यायला हवा, पण तसा येत नाही. बाजार जाळण्यात महाराजांच्या माणसांपासून मोगलांपर्यंत सगळ्यांनी हात शेकले, खेम सावंतांनी तर १६९६ मध्ये भेटीला म्हणून आत शिरून वखार लुटली. त्या मानानं पाऊस सज्जन.

आल्यावर एकदा उघाड पाहून मुद्दाम आत गेले. एवढ्या वर्षांत कधी गेले नव्हते, पिग्मी देणारं तिथं कुणी बसत नाही. जांभ्याची जाड भिंत, चुना सुटलेला, त्यातून वडा-पिंपळाच्या मुळ्या खाली उतरलेल्या, काही माझ्या मनगटाएवढ्या. वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून सरळ आभाळ. गवत गुडघाभर, त्यात कुणीतरी बांधलेली शेळी. जांभ्याच्या एका चिऱ्यावर हात ठेवला तर तो ओला आणि कोमट होता, बोटांना तांबडं लागलं. नजरेत आलं ते एवढंच की चिरे आमच्याकडचेच, घडवणारे हातही आमच्याकडचेच असणार, आणि मजुरी दिली ती कंपनीच्या भांडवलातून. कंपनीनं दहा वर्षांनी भागधारकांचा हिशेब मिटवून पैसे परत करायचे असं आधी ठरलेलं होतं, पण ते झालंच नाही. एकदा घातलेला पैसा आतच राहिला, शेअर दुसऱ्याला विकून तेवढं बाहेर पडता यायचं. तेव्हा नेल्टखेनच्या शंभरातली एखादी कवडी या भिंतीत आहे असं म्हणायला हिशेबाच्या दृष्टीनं हरकत नाही. ज्या बायकांनी डोक्यावरून चुना वाहिला त्यांची नावं मात्र कुठल्याच वहीत नाहीत.

पण मग ती कवडी फक्त इथंच का असेल?

बेर्लाखच्या त्या लाल इमारतीच्या एका कोपऱ्यावर यान पीटरझोन कून याचा दगडी पुतळा आहे. गाइड तिथं आवाज खाली आणून बोलला होता. १६२१ मध्ये या कूननं जायफळासाठी इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरची माणसं मारली, उरलेल्यांना गुलाम केलं. हजारोंनी. जायफळ तेव्हा जगात दुसरीकडं कुठं होत नव्हतं. ते आपण श्रीखंडात किसतो, बाळाला झोप लागत नसली की उगाळून चाटवतो. मी त्या पुतळ्याखाली उभी होते तेव्हा नेल्टखेनची गोष्ट अजून ऐकायची होती. नंतर ऐकली, आणि दोन्ही एकत्र आल्यावर माझी पंचाईत झाली. जिच्या बाजूनं मी मनातल्या मनात भांडत होते त्या बाईचे, किंवा तिच्याकडून शेअर घेतलेल्या कुणाचे, शंभर गिल्डर त्या बेटांवरही गेलेच होते. तिला काय ठाऊक? नसणारच. वीस रुपये देणारीला कुठं ठाऊक असतं?

आमच्या पतपेढीनं मधल्या काळात वाहनकर्जं बरीच दिली. त्यात डंपर होते. डंपर कशासाठी घेतात हे वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंत कुणाला सांगावं लागत नाही, रात्री खाडीच्या काठानं दिवे न लावता जातात ते. वाळू उपसली की तिसऱ्या, मुळे ही खाडीतली शिंपली जातात, काठ ढासळतो. माझ्या एका मासळीवालीचा भाऊ ओहोटीला मुळे काढून घर चालवायचा, तो आता गोव्याला हॉटेलात भांडी घासतो. तिची पिग्मी मी रोज न चुकता घ्यायचे. ती रोज न चुकता द्यायची. व्याज वेळेवर मिळत होतं, कारण डंपरवाले हप्ते वेळेवर भरत होते. बाजारात माझ्यावर विश्वास होता, शेजारच्या तालुक्यातली एक संस्था बुडाली आणि तिथल्या एजंट बाईला भर रस्त्यात पदर धरून अडवलं, तेव्हाही आमच्याकडं एकीनंसुद्धा खातं मोडलं नाही. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. आणि तरी त्या वखारीच्या भिंतीला हात लावून उभी असताना ते दिवे विझवलेले डंपर आठवले, ते काही उगाच नाही.

त्या मासळीवालीला मी ही सगळी गोष्ट सांगितली. जूनपासून होड्या बंद होत्या, बाजारात ती सुकट आणि बोंबील मांडून बसली होती, वरून निळं प्लास्टिक, पाणी टपटपतंय. नेल्टखेनला ती हसली नाही. तिनं फक्त विचारलं, “मगे? पैशे गावले तिका?” मी म्हटलं, आठ वर्षांनी कंपनीनं पहिला लाभांश दिला, मूळ रकमेच्या शेकडा पंचाहत्तर, पण रोख नाही. जायपत्री दिली.

“जायपत्री?”

“जायफळावरची. कंपनीकडं पडून होती.”

तिनं बोंबलाची जुडी फडक्यावर आपटली. “जायपत्री घेवन ती काय करतली? चाटतली?” मग जरा थांबून, “ह्या आमच्या डब्यासारख्याच झाला मगे.”

आमच्याकडं वार्षिक सभेला सभासदांना स्टीलचा डबा देतात. एका वर्षी पातेलं होतं, एका वर्षी छत्री. सहकाराच्या कायद्यानं लाभांश शेकडा पंधराच्या वर देता येत नाही, आणि आमच्या संचालकांनी तिथवर जायची घाई कधी केली नाही, पण डब्यावर संस्थेचं नाव मात्र ठळक कोरलेलं असतं. तिच्याकडं असले सात-आठ डबे असतील. सुकट त्यातच ठेवते.

बोलता बोलता तिनं कमरेचा बटवा काढला आणि त्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पिग्मीचं जुनं पुस्तक. माझ्या अक्षरातलं. पानं पिवळी पडलेली, कडेला मिठाचा पांढरा पट्टा, पण प्रत्येक तारीख, प्रत्येक वीस आणि त्यापुढं माझी सही वाचता येत होती. खातं केव्हाच मुदत भरून बंद झालंय, पैसे तिनं घेतलेत, लेकीच्या लग्नात वापरलेत. तरी पुस्तक ठेवलंय. आणि त्यात खोचलेल्या चिठ्ठ्या, आता जो मुलगा येतो त्याच्या यंत्रातून निघणाऱ्या. त्या मी एकेक उलगडल्या. काही ओलाव्यानं काळ्या झालेल्या, बाकीच्या नुसत्या कोऱ्या, गुळगुळीत. त्या कागदावर शाई नसते, उष्णतेनं अक्षर उमटतं आणि दिवसांत उडून जातं. “मोबाइलार येता म्हणता,” ती म्हणाली. “माझ्या मोबाइलार काय एक येणा नाय.”

होर्न गावच्या दफ्तरखान्यात २०१० साली एका विद्यार्थ्याला याच कंपनीचा १६०६ सालचा कागद सापडला, जगातला सर्वांत जुना शेअर म्हणतात त्याला. दीडशे गिल्डरांचा. मालक कोण, तर एन्कहाउझेन गावच्या नगराध्यक्षांकडचा शिपाई, पीटर हार्मेन्स. खरं पाहता ती शेवटचा हप्ता भरल्याची पावतीच आहे. पुढं लाभांश मिळाला तसतशा नोंदी त्यावरच केल्यात. म्हणजे पासबुकच. चारशे वर्षांनंतर त्या शिपायाचं नाव, रक्कम, तारीख वाचता येते. कागद चांगला असणार, आणि शाईही, पण मुख्य म्हणजे त्या माणसानं तो मागून घेतला होता. सगळेच असे नशिबवान नव्हते. १६२२ च्या सुमाराला तिथल्या छोट्या भागधारकांनी पत्रकं छापून ओरड केली की वीस वर्षं झाली, संचालक हिशेब दाखवत नाहीत. एका पत्रकात तर टोमणा आहे, हिशेबाच्या वह्यांना डुकराची चरबी फासली असेल म्हणजे कुत्र्यांनी खाल्ल्या म्हणायला बरं. आमच्याकडं कुत्री लागत नाहीत, वाळवी पुरते.

सप्टेंबरात आमच्या संस्थेची वार्षिक सभा आहे. दरवर्षी अहवालाचं पुस्तक घरी यायचं, ते कुणी वाचायचं नाही, पण यायचं. यंदा सूचनेच्या एका पानावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन छापलाय, अहवाल मोबाइलवर पाहावा म्हणून. मी परवा जाऊन अर्ज दिला. छापील अहवाल हवा, आणि वाहनकर्जं एका ओळीत गुंडाळलेली नकोत, कुठलं वाहन, कशासाठी, किती, अशी फोड करून हवीत. खाली मासळी बाजारातल्या अकरा सभासदांच्या सह्या घेतल्यात, त्यात चार अंगठे. सचिव माझ्याच हाताखाली रोजकीर्द शिकलेला मुलगा. त्यानं अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाला, “ताई, तिकडं काय पाहून आलात?” मी म्हटलं, आधी पोच दे, शिक्का मारून, शाईचा. तो यंत्राकडं हात नेत होता.

डबा या वर्षी प्लास्टिकचा आहे असं ऐकते.